हिरवं चॅपेल: न पाहता शिकवलेलं

पहिला दिवस: चेस्टर

"आजी, हत्तीला घोड्याचे खूर असतात का गं?"

नातीचा प्रश्न रास्त होता. चेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये, पूर्वी जिथे भिक्षू प्रार्थनेला बसत त्या बाकांच्या टोकाला लाकडात कोरलेला एक हत्ती आहे. पाठीवर किल्ला, सोंड बऱ्यापैकी जमलेली, आणि पाय मात्र सरळ घोड्याचे. १३८०च्या आसपास ज्या सुताराने हा कोरला त्याने हत्ती काही पाहिलेला नव्हता. कुणीतरी वर्णन केलं असेल, कुठल्या पोथीत चित्र असेल, उरलेलं त्याने शेजारच्या तबेल्यावरून भरून काढलं. मला त्या सुताराबद्दल एकदम आपुलकी वाटली. मीही २२ वर्षं तेच करत आले होते.

कराडजवळच्या एका कॉलेजात मी एम.ए.ला 'सर गावेन अँड द ग्रीन नाइट' शिकवायचे. चौदाव्या शतकाच्या शेवटीचं, इंग्लंडच्या वायव्येकडच्या बोलीतलं २५३० ओळींचं काव्य. कवीचं नाव कुणालाच माहीत नाही. ते शिकवताना बर्फ, रानडुक्कर, ओकची जंगलं, हिरवं चॅपेल म्हणजे हिरवं छोटं प्रार्थनाघर, सगळ्यांचं वर्णन मी अगदी रंगवून करायची. पैकी रानडुक्कर तेवढं पाहिलेलं, तेही आमच्या मामाच्या उसात. बाकी सगळे घोड्याचे पाय.

दर वर्षी एक प्रश्न ठरलेला असे: 'हिरवा रंग, पंचकोन व मेखला यांतील प्रतीकात्मकता स्पष्ट करा.' मुलं पाठ करून लिहीत: हिरवा म्हणजे निसर्ग, पंचकोन म्हणजे श्रद्धा, मेखला म्हणजे मोह. मी दहापैकी सात-आठ गुण देत असे. आता लेकीकडे मँचेस्टरला आले आणि जावई म्हणाले, "आई, चार दिवस सुट्टी आहे, कुठे जायचंय सांगा." मी लगेच म्हटलं, गावेन गेला त्या वाटेने. त्यांना वाटलं हे कुठल्या तरी फुटबॉलपटूचं नाव.

गाडीत गोष्ट सांगितली. नाताळातला राजा आर्थरचा दरबार. नववर्षाची मेजवानी चाललेली. दारातून एक धिप्पाड स्वार घोड्यासकट आत येतो. स्वार हिरवा, दाढी हिरवी, घोडासुद्धा हिरवा. एका हातात होली नावाच्या काटेरी, सदाहरित झाडाची डहाळी, दुसऱ्यात कुऱ्हाड. म्हणतो, खेळ खेळू. कुणीही माझ्यावर एक घाव घालावा, वर्षाने मी तो परत करीन. आर्थरचा भाचा गावेन उठतो आणि त्याचं मुंडकं उडवतो. ते जमिनीवर घरंगळत जातं, लोक लाथा मारतात. धड शांतपणे चालत येतं, मुंडकं केसांनी उचलतं, आणि मुंडकं डोळे उघडून सांगतं: पुढच्या नववर्षाला हिरव्या चॅपेलपाशी ये, शब्द दिला आहेस.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणायचं, "मॅडम, मुरारबाजी!" पुरंदरावर शिर पडल्यावरही धड लढत राहिलं, असं आपल्याकडे सांगतातच. मी म्हणायचे, फरक एवढाच की मुरारबाजींनी परत बोलावणं धाडलं नाही.

कॅथेड्रलमधल्या त्या बाकांच्या बैठका उचलता येतात. उचलली की खाली एक छोटी फळी पुढे येते. तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षूंनी हळूच टेकायचं ते तिच्यावर. लॅटिनमध्ये तिला नावच 'दया' या अर्थाचं आहे. त्या फळीखाली, म्हणजे अगदी टेकण्याच्या जागेखाली, कोरीव काम आहे, आणि देवळातलं सगळ्यात धमाल काम तिथेच आहे. ट्रिस्टन आणि इझोल्ड हे दंतकथेतले प्रेमिक आहेत. किल्ल्याच्या दारात वरून पडलेल्या लोखंडी जाळीने घोड्याचा मागचा भाग कापला गेलेला सर इव्हेन आहे. पिलांसाठी स्वतःची छाती फोडणारी पेलिकन पक्षीण आहे. ती ख्रिस्ताची खूण. आणि अंगभर केस असलेले रानमाणसं आहेत.

रानमाणसांपाशी मी थबकले. गावेनच्या काव्यात त्यांना 'वोडवोस' म्हटलंय. मी त्यांना विद्यार्थ्यांपुढे 'निसर्गाच्या असंस्कृत शक्तीचं प्रतीक' म्हणत असे. इथे ते भिक्षूच्या बुडाखाली गुपचूप बसलेत. काव्य रचलं जात होतं त्याच सुमारास, त्याच मुलखात हे लाकूड तासलं जात होतं. देव, शूरशिपाई आणि झाडीतला केसाळ माणूस एकाच फळीत मावतात याचं ना सुताराला नवल होतं, ना वर टेकणाऱ्याला. प्रतीकांचे तीन कप्पे आपण नंतर केले, पेपरसाठी. एकोणिसाव्या शतकात कॅथेड्रलच्या एका डीनसाहेबांनी, म्हणजे मुख्य पाद्र्यांनी, यातल्या काही फळ्या अश्लील म्हणून काढून टाकल्या. त्यांच्यावर काय होतं याची मला अजून उत्सुकता आहे.

बाहेर पडलो तर पावणेचारलाच अंधार. गाडीच्या काचेवर धुकं धरलेलं. नात बोटाने चांदणी काढत बसली. बोट न उचलता, एका रेघेत, पाच टोकांची. मी म्हटलं, "अगं, हाच तो पंचकोन. गावेनच्या ढालीवरचा." कवी त्याला 'अंत नसलेली गाठ' म्हणतो. कुठे सुरू झाली, कुठे संपली, सांगता येत नाही. पाचाचे पाच गट त्याने त्यात बसवलेत: पाच इंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद, आणि औदार्य, सख्य, निर्मळपणा, अदब, करुणा हे पाच गुण. प्रत्येक रेघ दुसरीत गुंतलेली, सैल कुठेच नाही. शिवाय ढालीच्या आतल्या बाजूला, म्हणजे लढताना फक्त त्यालाच दिसेल अशी, मेरीची तसबीर. बाहेर जगाला दाखवायचा सिद्धान्त आणि आत स्वतःपुरता देव्हारा.

नातीने चांदणी पुसली आणि मांजर काढलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. निघताना सलवारीखाली उजव्या गुडघ्याला मी पट्टा बांधला होता, इलॅस्टिकचा, मेडिकलमधून आणलेला. लेकीला बोलले नव्हते. बोलले असते तर बेतच रद्द झाला असता.

दुसरा दिवस: होलीवेल आणि विरल

गावेन नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सगळ्या संतांचा सण उरकून निघतो. कवी एरवी भूगोलाच्या बाबतीत बेफिकीर, पण इथे एकदम नावं घेतो: उत्तर वेल्स, डावीकडे अँगलसीची बेटं, मग पाण्यातले उतार ओलांडून 'होली हेड'पाशी, आणि तिथून विरलच्या रानात. हे 'होली हेड' म्हणजे नक्की कुठलं ठिकाण यावर वाद आहेत. काही अभ्यासक वेल्समधल्या होलीवेलकडे बोट दाखवतात. मला तोच पक्ष आवडतो, आणि त्याचं कारण विहिरीत उतरल्यावर कळतं.

होलीवेल हे डी नदीच्या मुखावर, उतारावर वसलेलं लहान गाव. तिथे संत विनिफ्रेडचा झरा आहे. कथा सातव्या शतकातली. कॅराडॉग नावाचा राजपुत्र विनिफ्रेडच्या मागे लागला, तिने नकार दिला, त्याने तलवारीने तिचं डोकं उडवलं. डोकं उतारावरून घरंगळत गेलं आणि जिथे थांबलं तिथे झरा फुटला. तिचा मामा बेनो संत होता. त्याने डोकं उचललं, धडाला लावलं, प्रार्थना केली. ती उठली आणि पुढे कित्येक वर्षं जोगीण म्हणून जगली. मानेभोवती फक्त एक पांढरी रेघ राहिली म्हणे.

घरंगळणारं डोकं, परत जोडलं जाणं, मानेवरची खूण. हे काव्य ज्यांनी आधी ऐकलं ते याच भागातले लोक. या झऱ्यावर येऊन गेलेले, निदान आजीकडून कथा ऐकलेले. हिरव्या स्वाराचं मुंडकं फरशीवर घरंगळताना त्यांना काय आठवलं असेल? ज्या डोळ्यांनी हे राक्षसी जादू म्हणून पाहायचं तेच डोळे चमत्कार म्हणून पाहायला सरावलेले. वर्गात आम्ही एकाला 'केल्टिक परंपरा' आणि दुसऱ्याला 'ख्रिस्ती परंपरा' म्हणून दोन वेगळ्या परिच्छेदांत टाकलं होतं.

झऱ्यावरची कमानीची इमारत १५००च्या सुमाराची. आत पाणी चांदणीच्या आकाराच्या दगडी कुंडात वर येतं. नात टोकं मोजायला वाकली. पाचाहून जास्त निघाली, मग तिला त्यात रस राहिला नाही. पाणी खरोखर उकळल्यासारखं तळातून ढवळत येतं, पण हात घातला तर हाडं गारठतात. तळाशी काही दगड तांबूस दिसतात. श्रद्धाळू म्हणतात विनिफ्रेडचं रक्त, जाणकार म्हणतात शेवाळ. बाहेरच्या हौदात लोक उतरतात, तीन वेळा पाण्यातून जायचं असा रिवाज. पूर्वी बरे झालेले लोक कुबड्या इथेच सोडून जात. धर्मसुधारणेच्या काळात राजाने देशभरचे मठ मोडले, तरी इथली यात्रा थांबली नाही.

आम्ही होतो तेव्हा एकच बाई होत्या, साठीच्या, फुलांचा ड्रेसिंग गाऊन आणि पायांत रबरी चपला. डिसेंबरातल्या त्या पाण्यात त्या कमरेपर्यंत उतरल्या, पुटपुटत तीन फेऱ्या घेतल्या, वर येऊन थर्मासमधला चहा प्यायल्या. मला बघून हसल्या आणि माझ्या पायांकडे बोट करून म्हणाल्या, "नी?" त्यांना कसं कळलं देव जाणे. मी लेकीकडे चोरून पाहिलं. ती फोटो काढत होती. मी पटकन मान हलवून नाही म्हटलं. ओंजळभर पाणी मात्र गुडघ्याला लावून घेतलं, पाय धुतल्यासारखं करून.

गावाच्या वरच्या अंगाला गेलं की खाली डीचं मुख पसरलेलं दिसतं. ओहोटीची वेळ होती. मैलोगणती करडी रेती, त्यात पाण्याचे चकाकते चरे, आणि पलीकडे विरलचा सखल काठ. गावेन घोड्यावरून इथून पलीकडे गेला असेल तर ओहोटीचीच वेळ साधून. आम्ही पुलावरून गेलो.

विरलबद्दल कवी काय म्हणतो? तिथे देवावर किंवा भल्या मनाने माणसावर प्रेम करणारे फार थोडे राहत. मराठीत नावच किती चपखल: विरल, भला माणूस विरळा. त्या काळी हे राजाचं राखीव जंगल होतं, आणि चोरट्यांचा अड्डा म्हणून इतकं बदनाम की १३७६मध्ये ते जंगलाच्या कायद्यातून काढून टाकलं गेलं. म्हणजे कवीच्या श्रोत्यांना ही ताजी बातमी. आपण व्याख्यानात कुठल्याशा बदनाम घाटाचं नाव घेतलं की लोक कसे खसखस पिकवतात, तसं झालं असणार. आज तिथे गोल्फची मैदानं आणि नीटनेटकी उपनगरं आहेत. माणसं भली निघाली. एका आजोबांनी थर्स्टस्टनच्या टेकडीची वाट दाखवायला दहा मिनिटं घालवली.

टेकडीवर तांबड्या वालुकाश्माचा उघडा खडक, बर्चची नागडी झाडं, वाळलेली हेदर. वारा असा की कानात सुई घातल्यासारखी. वेल्सचे डोंगर पलीकडे निळसर. इथे उभं राहून मला ते वाक्य पहिल्यांदा खरं वाटलं. ते मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय. गावेन वाटेत ड्रॅगनांशी, लांडग्यांशी, रानमाणसांशी, अस्वलांशी, राक्षसांशी लढतो, आणि कवी हे सगळं जेमतेम पाच-सहा ओळींत उरकतो. मग म्हणतो, लढाईचं एवढं काही नाही, हिवाळा त्याहून वाईट होता. ढगांतून पाणी सुटतं आणि खाली पोचायच्या आत गोठतं. चिलखत घालूनच तो उघड्या खडकांत झोपतो, डोक्यावर बर्फाच्या सुळक्या लोंबतात. नागड्या फांद्यांवर पाखरं थंडीने केविलवाणी पिवपिवतात.

ड्रॅगनला पाच ओळी, थंडीला त्याहून जास्त. मध्ययुगीन काव्य म्हणजे नुसती अद्भुत कल्पना असं मी जिथे जिथे लिहिलं असेल तिथे तिथे खाडाखोड करायला हवी. या माणसाने लोखंड घालून थंडीत रात्र काढली होती, किंवा काढलेल्या माणसाशी तो बोलला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी गावेन मेरीची प्रार्थना करतो, मला कुठेतरी प्रार्थना ऐकायला मिळू दे एवढंच मागतो. तीनदा क्रूस काढतो, आणि झाडीतून किल्ला चमकतो. इथे श्रद्धा म्हणजे आधी निवारा, आग, गरम पाणी. आम्ही एका चहाच्या दुकानात शिरलो तेव्हा मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

तिसरा दिवस: लीक

नावाला जागून दिवसभर गळत होतं.

स्टॅफर्डशरमधलं हे जुनं रेशीम-गिरण्यांचं गाव. गावाबाहेर डियूलाक्रे नावाच्या सिस्टर्शियन मठाचे थोडे अवशेष आहेत. तो १२१४मध्ये चेस्टरचा अर्ल रॅनल्फ याने स्थापला आणि त्याआधी हे भिक्षू चेस्टरजवळ डीच्या काठी होते. म्हणजे डीकडून इकडे डोंगरात येण्याची वाट कवीच्या काळी मळलेली होती. मठाच्या डोंगराळ जमिनी स्विदमलीच्या बाजूला, आणि लड्स चर्च नावाची खडकातली खोल फट त्याच मुलखात. १९५८मध्ये राल्फ एलियट या अभ्यासकाने काव्यातला किल्ला आणि चॅपेल इथेच शोधलं. दुसरा पक्ष थोडं दक्षिणेला वेटन मिलजवळच्या गुहेकडे बोट दाखवतो. कवीने कदाचित दोन्हीकडचे दगड उचलले असतील, आपल्याला काय.

न्याहारीला इथली ओटकेक खाल्ली. नावावरून बिस्किटासारखं काही वाटेल, पण हे ओटच्या पिठाचं मऊ घावन, वर चीज आणि अळंबी. मी तीन खाल्ली. लेक म्हणाली, "आई, कोकणात आल्यासारखी खातेयस."

उतरलो होतो त्या जागेचं नाव घेत नाही. हीटर रात्री अकराला बंद झाला आणि मालक फोन उचलेनात. चौघं एका खोलीत गोधडीसारख्या दोन रजयांत. झोप कुणालाच नव्हती, म्हणून गोष्टीचा पुढचा भाग सांगितला.

किल्ल्याचा धनी बर्टिलक पाहुण्याशी सौदा करतो: मी शिकारीला जातो, तू घरी आराम कर, संध्याकाळी दोघांनी दिवसभरात जे कमावलं त्याची अदलाबदल. तीन दिवस. पहिल्या दिवशी धनी हरिणं मारतो, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. आणि तीनही सकाळी त्याची बायको गावेनच्या खोलीत येते, पलंगाच्या कडेला बसते. अदब म्हणून तो तिला हाकलू शकत नाही, शील म्हणून जवळ करू शकत नाही. पंचकोनातले दोन गुण एकमेकांच्या नरड्याला. चुंबनं तेवढी मिळतात, एक, मग दोन, मग तीन, आणि तो ती इमानाने रात्री धन्याला परत करतो. जावई इथे मोठ्याने हसले. हसण्यासारखंच आहे, आणि कवीलाही ते ठाऊक आहे.

शिकारीचे तपशील मात्र हसण्यासारखे नाहीत. हरिण सोलण्याची रीत कवी इतकी बारीक सांगतो की खाटकाने शिकावी: कुठे चिरायचं, आतडी कशी काढायची, कुत्र्यांचा वाटा, कावळ्यासाठी फांदीवर टाकायचा तुकडा. हा निसर्ग प्रतीक बितीक नाही, हे पोटाचं काम आहे. पण ते पान उलटलं की पलंगावरची बाई, आणि वाचणाऱ्याला आपोआप कळतं की शिकार दोन्हीकडे चाललीय.

तिसऱ्या सकाळी ती त्याला हिरव्या रेशमाचा, सोन्याच्या काठाचा कमरपट्टा देते. म्हणते, हा बांधला की कुणी मारू शकत नाही, फक्त नवऱ्याला सांगू नकोस. उद्या मान कापायला द्यायची आहे. गावेन तो घेतो. आणि त्या रात्री तीन चुंबनं देतो, पट्टा देत नाही.

"म्हणजे ताईत," लेक म्हणाली. अगदी ताईत. कमरेला गंडा, खिशात अंगारा, आणि ढालीवर अंत नसलेली गाठ. मला अंधारात श्रियाळ-चांगुणा आठवली. आपल्याकडे पाहुणा यजमानाची परीक्षा घेतो, चिलया मागतो, आणि यजमान पूर्ण उतरतो. शेवटी शंकर प्रसन्न होतो, मूल जिवंत. इथे यजमान पाहुण्याची परीक्षा घेतो, आणि पाहुणा थोडासा, अगदी पट्ट्याएवढा, नापास होतो. पूर्ण उतरणाऱ्या माणसाची कथा आपण पोथी म्हणून लावतो. थोडा नापास झालेल्याची इथे रात्री दोन वाजता रजईत झोंबाझोंबी करत ऐकली जाते.

रजईखाली मी हळूच पट्टा सैल केला. वेल्क्रोचा 'चर्र' आवाज झाला. "काय गं?" "काही नाही, पिशवीची चेन."

चौथा दिवस: लड्स चर्च

ग्रॅडबॅचला गाडी लावली तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि उजाडून तासच झालेला. डेन नदीच्या काठाने वाट जाते. नदीच्या अल्याड स्टॅफर्डशर, पल्याड चेशर. मग एक ओढा, त्यावर लाकडी साकव, आणि तिथून बॅक फॉरेस्टमधून चढ. पाऊस उतरला नव्हता, नुसता हवेत तरंगत होता.

चढावर जावई थांबले. "आई, वाट निसरडी आहे. इथवर आलोच की. फोटो नेटवर आहेत. परत गेलो तर कुणाला कळणारेय?"

मला हसू आवरेना. काव्यात नेमकं हेच आहे. चॅपेलच्या वाटेवर किल्ल्यावरचा वाटाड्या गावेनला म्हणतो, तिथला माणूस क्रूर आहे, तुम्ही दुसऱ्या वाटेने निघून जा, मी शपथेवर कुणाला सांगणार नाही. गावेन म्हणतो, तू सांगणार नाहीस हे खरं, पण मग मी भेकड ठरेन. मी जावयांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मी वाटाड्या झालो तर मग!" आणि पुढे होऊन मला हात दिला.

रान तपकिरी होतं. ब्रॅकन गंजून पडलेली, ओक नागडे, पानांचा चिखल. काव्याच्या सुरुवातीला हिरवा स्वार हातात होलीची डहाळी घेऊन येतो, आणि कवी म्हणतो, झाडं ओकीबोकी असतात तेव्हा होली सगळ्यात हिरवी असते. मी वाटेत शोधत होते. एक दिसली, काटेरी पानं, चार लाल फळं, बाकी सगळ्या तपकिरीत एकटीच.

लड्स चर्चचं तोंड चटकन दिसतच नाही. खडकांच्या मध्ये एक फट, दोन माणसं शेजारी जेमतेम मावतील अशी. आत पायऱ्या उतरतात. आणि मी थांबले, कारण आत सगळं हिरवं होतं.

हिरवं म्हणजे आपल्या श्रावणातलं नाही. आपल्याकडे हिरवा म्हणजे भात, चुडा, खणाची चोळी, ओटी. तो रंग दुरूनच खुणावतो. इथला हिरवा दगडाला चिकटलेला. वरपासून खालपर्यंत, अठरा मीटर उंच भिंतींवर शेवाळ, नेचे, लिव्हरवर्टच्या ओल्या चकत्या. बाहेर हिवाळ्याने सगळं मारून टाकलंय, आणि जिथे ऊन जवळजवळ कधीच पोचत नाही तिथे हे निर्वेधपणे जिवंत आहे. बोट टेकलं तर थंड, फुगलेलं, पाणी सुटतं. एका नेच्याच्या टोकावर थेंब धरला होता, तो खाली पडायच्या आत मागचा तिथे येऊन पोचे. हवेला माती आणि लोखंड यांच्या मधला वास. आवाज फक्त ठिबकण्याचा.

२२ वर्षं फळ्यावर लिहिलं: हिरवा = निसर्ग = पुनर्जन्म. पुनर्जन्म वगैरे ठीक, पण हा रंग आधी भीतीचा आहे. तुम्ही मुंडकं उडवलंत तरी तो उठून उभा राहतो, तुमच्या श्रद्धेशी त्याचं वैर नाही आणि मैत्रीही नाही. म्हणून तो दरबारात शिरल्यावर सगळे गप्प होतात.

ही फट म्हणजे जुना दरडीचा प्रकार आहे. डोंगराचा एक मोठा तुकडा उताराकडे सरकला आणि जाड्या-भरड्या वालुकाश्मात शंभर मीटरहून लांब खाच राहिली. पंधराव्या शतकात लोलार्ड पंथाचे लोक चर्चच्या पहाऱ्यापासून लपून इथे प्रार्थनेला जमत, असं सांगतात. 'चर्च' हे नाव त्यावरूनच म्हणे. म्हणजे काव्यातलं 'चॅपेल' आधी, आणि खरी प्रार्थना मागून. गावेनला ही जागा पाहून देव आठवतच नाही. तो म्हणतो, हे कसलं चॅपेल, जुनी गुहा नाहीतर कड्यातली भेग, इथे मध्यरात्री सैतान प्रार्थना म्हणत असेल. मग वरून आवाज येतो: धार लावायच्या दगडावर कुऱ्हाड घासल्याचा.

नातीने मोठ्याने "हूऽऽ" केलं. भिंतींनी ते चोखून घेतलं. शेवाळामुळे प्रतिध्वनी आलाच नाही. ती दचकली आणि माझा हात धरला.

उरलेली गोष्ट तिथेच सांगितली, फटीच्या मधोमध उभं राहून. गावेन मान वाकवतो. पहिला घाव येताना खांदे चोरतो, स्वार त्याला हसतो. दुसरा घाव मुद्दाम हवेतच थांबतो. तिसरा मानेची कातडी चाटून जातो आणि बर्फावर रक्त दिसतं. बस, एवढंच. हिरवा स्वार म्हणजे किल्ल्याचा धनीच, खेळ मॉर्गन ल फेचा, म्हणजे आर्थरच्या जादूगार सावत्र बहिणीचा. पहिले दोन घाव तू दोन दिवस खरा राहिलास म्हणून रिकामे, तिसऱ्याचा ओरखडा पट्टा लपवलास म्हणून. पण तू तो लोभाने नाही, जगावंसं वाटलं म्हणून घेतलास, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. गावेन मात्र संतापून पट्टा फेकतो, मग उचलतो आणि लाजेची खूण म्हणून आयुष्यभर घालायचं ठरवतो. पंचकोनाच्या रेघेला सुरुवात-शेवट नाही, तो कुणी बांधलाच नाही, म्हणून सुटतही नाही. पट्ट्याला दोन टोकं आहेत. तो माणसाला स्वतःच्या हाताने बांधावा लागतो, आणि कवी शेवटी गावेनच्या अंगावर तोच ठेवतो.

"मग राजा रागावला?" नातीने विचारलं.

"नाही. सगळा दरबार हसला. आणि मग सगळ्यांनीच हिरवे पट्टे घातले."

परतताना दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर माझा पाय घसरला. पडले नाही. जावयांनी धरलं, पण सलवारीचा पाय वर गेला आणि गुडघा उघडा पडला.

लेकीने पाहिलं. "आई! हे काय?"

"पट्टा."

"कधीपासून?"

"मँचेस्टरपासून."

"आणि काल रात्रीचा तो आवाज? पिशवीची चेन म्हणालीस!"

मी काही बोलले नाही. ती रागावली होती, खरंच रागावली होती. मग जावयांनी तोंडावर हात धरला, आणि तिलाही हसू फुटलं. त्या गारठलेल्या, ठिबकणाऱ्या फटीत आम्ही तिघंही हसत उभे. नातीला काय झालं ते कळलं नाही, पण तीही हसली.

गाडीत बसल्यावर पट्टा काढला. ओला, चिखलाने बरबटलेला, मूळचा कातडीच्या रंगाचा. नातीने तो ओढून घेतला आणि दंडाला दोनदा गुंडाळला. तिला फारच सैल झाला. वेल्क्रो लागेना, म्हणून आईकडून केसांची पिन घेऊन लावली आणि मँचेस्टरपर्यंत काढला नाही.